मालमोटारीची चॅसी रंगविताना वरच्या अंगाचे रक्षण

पावसाळ्यापूर्वी मालमोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या खालच्या बाजूस गंजप्रतिबंधक रंगाचा हात देण्याची चाल बऱ्याच गावांतून रूढ झाली आहे व ती स्तुत्य आहे. परंतु काम संपल्यावर वाहनाच्या वरच्या अंगाकडे पाहिले, तर पुष्कळदा निराळेच चित्र दिसते. केबिनच्या दारावर तांबूस ठिपके पडलेले असतात, मागील दिव्याच्या काचेवर काळा थर बसलेला असतो, फाळक्यावरील परावर्तक पट्टी रंगाच्या धुळीने मंदावलेली असते, आणि चिकटपट्टी घाईने ओढल्यामुळे मूळ रंगाचे टवके निघालेले असतात. ठिपके केवळ डोळ्यांस खुपतात असे समजून मालक ते सोडून देतो. टवक्याच्या जागी मात्र पत्रा उघडा पडतो व पहिल्याच पावसात तेथे गंज धरतो. खालचा गंज घालविण्यासाठी केलेल्या खर्चातूनच वरचा गंज विकत घेतला, असा हा प्रकार होय.

दिव्याचा व पट्टीचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. उसाच्या हंगामात रात्री रस्त्याने जाणारी किंवा रस्त्याच्या कडेला उभी असलेली ट्रॉली मागून येणाऱ्यास दिसते ती केवळ मागच्या दिव्यांमुळे व परावर्तक पट्ट्यांमुळे. त्यांवर रंगाचा पातळसा थर बसला, तरी दिवसा तो लक्षात येत नाही. रात्री मात्र ट्रॉली अंधारात नाहीशी होते. म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वी काय काय झाकावयाचे, कशाने झाकावयाचे आणि झाकण केव्हा काढावयाचे, हे ठरविणे हा या कामाचा निम्मा भाग आहे.

गंज कोठे व का चढतो

लोखंडास गंज चढण्यास पाणी व हवेतील प्राणवायू एवढे पुरेसे असतात. पण पाण्यात क्षार मिसळला की हे काम फार वेगाने होते. पाऊस नसला तरी हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांवर गेली की उघड्या लोखंडावर गंज वाढू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पटींनी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाच्या थराखाली शिरला की रंग फुगवून वर उचलतो व स्वतःसाठी नवी वाट करून घेतो.

शेतकऱ्याच्या वाहनास क्षारांचा पुरवठा तोच करीत असतो. म्युरेट ऑफ पोटॅश या खतात वजनाने जवळजवळ निम्मे क्लोरीन असते, आणि लोखंडाचा त्याहून मोठा शत्रू नाही. फाटक्या गोणीतून सांडलेले खत हौद्याच्या फळ्यांच्या फटींतून थेट चॅसीवर पडते व दवाचे पाणी ओढून घेऊन तेथेच चिकटून बसते. अमोनियम सल्फेटही तसेच. उसाचा रस गळून आंबतो, त्याची आम्लेही लोखंड खातात. रत्नागिरी, मालवण, अलिबाग या बाजूंस मासळी वाहणाऱ्या गाड्यांची अवस्था सर्वांत बिकट असते. बर्फाचे व मिठाचे पाणी वरून गळत राहते आणि खारी हवा चारही बाजूंनी लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे खाडीत गाडी उतरवून धुण्याची सवय किती घातक आहे हे उमजेल.

गंज सर्वत्र सारखा चढत नाही. चॅसीच्या पन्हाळीसारख्या खांबांच्या खालच्या ओठात चिखल साठतो, तेथे तो आधी धरतो. दोन पत्रे एकावर एक ठेवून जेथे रिबिटे किंवा बोल्ट मारलेले असतात त्या सांध्यांत, पाट्यांच्या आधारांपाशी, मडगार्डच्या मागच्या बाजूस, आणि हौद्याचे लाकूड लोखंडावर टेकते तेथे ओल कित्येक दिवस टिकते. बाहेरून काळी कुळकुळीत दिसणारी चॅसी या ठिकाणी हातोडीने हलकेच ठोकून पाहावी. खणखणीत नाद न येता बद्द आवाज आला व पापुद्रे सुटले, तर आधी कारागिरास दाखवावे. पोखरलेल्या खांबावर दिलेला रंग म्हणजे रोगावर पांघरलेली शाल होय. भरलेल्या ओझ्याखाली असा खांब मोडला तर माणसे दगावतात.

वेळ, जागा व आधार

साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर चैत्र-वैशाखात ट्रॉल्या मोकळ्या होतात, तो काळ देशावरील शेतकऱ्यांस सोयीचा आहे. मात्र वैशाखाच्या उन्हात पत्रा इतका तापतो की रंग वरवर लवकर सुकतो, आतून कच्चा राहतो, आणि चिकटपट्टीचा गोंद भाजून पत्र्यास कायमचा चिकटतो. म्हणून काम सावलीतच करावे. कोकणात कार्तिकापासून माघापर्यंतचा कोरडा काळ अधिक चांगला. पण तेथे रात्रीचे दव सांभाळावे लागते. सकाळी दहाच्या सुमारास पत्रा पूर्ण कोरडा झाल्यावर आरंभ करावा व शेवटचा हात दुपारी तीनपूर्वी आटोपावा, म्हणजे दव पडण्यापूर्वी रंग वरून सुकतो.

सावली म्हणून झाड निवडण्याचा मोह पुष्कळांस होतो. आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट गोड स्राव झाडाखाली सतत झिरपत असतो. त्या चिकट थरावर ना पट्टी बसते ना रंग. त्यापेक्षा पत्र्याची किंवा गवताची शेड बरी. शेड गोठ्याच्या, कडब्याच्या गंजीच्या, विहिरीच्या किंवा जनावरांच्या गव्हाणीच्या वाऱ्याखालच्या बाजूस असावी. रंगाची धूळ वाऱ्यावर जाते ती मोटारीच्या दारावर थांबत नाही, वैरणीवरही बसते.

आता एक सूचना, जी प्रत्येक कार्यकर्त्याने शेतकऱ्यास प्रत्यक्ष भेटून द्यावी. केवळ जॅकवर उचललेल्या वाहनाखाली कोणीही शिरू नये. जमीन कठीण व सपाट असावी, हौदा रिकामा असावा, चाकांच्या पुढे व मागे दगड किंवा लाकडी पाचरी अडकवाव्यात, आणि जॅकने उचललेला भार मजबूत लोखंडी स्टँडवर अथवा आडव्या-उभ्या रचलेल्या जाड लाकडी ठोकळ्यांवर उतरवावा. विटा रचू नयेत. वीट एकाएकी फुटते. उचलणारी ट्रॉली असेल व हौदा वर करून खाली काम करावयाचे असेल, तर तो केवळ हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर ठेवू नये. एखादी तेलाची नळी फुटली अथवा मुलाने सहज दांडी ओढली, तर हौदा क्षणात खाली येतो. भक्कम लोखंडी टेकू दिल्यावाचून आत डोके घालू नये.

धुणे

खालचा चिखल प्रथम लाकडी पट्टीने खरवडून मग गोड्या पाण्याने धुवावा. समुद्राजवळच्या मचूळ विहिरीचे पाणी शेवटच्या धुण्यास वापरू नये. तेल-ग्रीस साचले असेल तेथे रॉकेलने भिजवलेल्या चिंधीने पुसून नंतर साबणाच्या पाण्याने धुवावे, कारण तेलकट पत्र्यावर रंग धरत नाही. हे पाणी ओढ्यात न सोडता एका बाजूस खड्ड्यात जिरू द्यावे. तो खड्डा विहिरीपासून दूर असावा. वाहन दोन दिवस कोरड्या हवेत ठेवावे. सांध्यांतील पाणी एका दिवसात निघत नाही.

याच वेळी वरचे अंगही धुऊन घ्यावे. पट्टी जेथे लावावयाची ती कड तर साबणाने धुऊन, कोरड्या सुती फडक्याने स्वच्छ पुसली पाहिजे. धुळीवर लावलेली पट्टी धुळीला चिकटते, पत्र्याला नव्हे, आणि तिच्या खालून रंग आत झिरपतो.

झाकण दोन वेळा, दोन प्रकारचे

झाकणे एकदाच व एकाच वस्तूने करावयाचे, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. गंज घासताना लागणारे झाकण जाड असावे लागते आणि रंग देताना लागणारे काटेकोर असावे लागते.

गंज घासण्यासाठी विजेवर चालणारे ग्राइंडर हल्ली गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांतून मिळते. त्यातून उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे तापलेल्या लोखंडाचे कण होत. ते समोरच्या काचेवर पडले तर काचेत रुततात व पुढे कितीही घासले तरी निघत नाहीत. रंगावर पडले तर त्यात रुतून बसतात आणि एकदोन दवाच्या रात्रींनंतर प्रत्येक कणाभोवती तांबडा ठिपका उमटतो. यासाठी घासण्याच्या वेळी काच, दिवे व दारांचा खालचा भाग जाड गोणपाटाने अथवा जुन्या सतरंजीने झाकावा. ठिणग्यांच्या अगदी समोर कापड न ठेवता पत्र्याचा तुकडा उभा करावा, नाहीतर कापडच पेट घेईल. डिझेलची टाकी व तिच्या नळ्यांजवळ ग्राइंडर चालवूच नये. तेथे तारेचा ब्रश व काचकागद हेच साधन. डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास धूळरोधक मुखपट्टी हवीच.

जाड पापुद्रे हातोडीने व छिन्नीने, सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि उरलेला ६० किंवा ८० नंबरच्या काचकागदाने काढावा. खड्ड्यांतील घट्ट गंज पूर्ण निघाला नाही तर बाजारात मिळणारे फॉस्फरिक आम्लाचे द्रव वापरता येते. डब्यावरील सूचनेप्रमाणेच ते लावावे व धुवावे. त्याचे थेंब वरच्या रंगावर उडू देऊ नयेत. उडाल्यास तत्काळ पाण्याने धुवावे.

घासणे संपल्यावर जाड गोणपाट झटकून दूर ठेवावे व खरे झाकण सुरू करावे. येथे कागदी चिकटपट्टी, अर्थात मास्किंग टेप, उपयोगी पडते. या पट्टीचा इतिहास आपल्या विषयास अगदी जवळचा आहे. १९२०च्या सुमारास अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची आवड वाढली. एक रंग देताना दुसरा झाकण्यासाठी रंगारी कागद सरसाने चिकटवीत, आणि तो काढताना खालचा ताजा रंग सोलून निघे. ही फजिती रिचर्ड ड्र्यू या कर्मचाऱ्याने एका रंगशाळेत पाहिली व १९२५ साली सहज निघणारी कागदी पट्टी तयार केली. पत्र्यास धरावे, पण सोडताना रंग घेऊन जाऊ नये, हाच त्या पट्टीचा गुण. खाकी रंगाची खोक्यांवर लावावयाची प्लॅस्टिक पट्टी स्वस्त पडते म्हणून तीच लावण्याचा प्रघात दिसतो. तिचा गोंद उन्हात विरघळून पत्र्यावर राहतो व ती ओढताना जुना रंगही उपटते. तिच्यात वाचलेले पैसे पुढे रंगाऱ्यास द्यावे लागतात.

पट्टी लावण्यापूर्वी एका कोपऱ्यात, सहज न दिसणाऱ्या जागी, बोटभर तुकडा लावून तासाभराने काढून पाहावा. त्याबरोबर रंग निघाला तर तेथे खाली गंज आहे किंवा रंग अशक्त झाला आहे. अशा भागावर पट्टी न लावता कागद वरून लोंबता सोडावा व तो वर काचेच्या रबरापाशी अडकवावा. वरचे अंग नव्याने रंगविलेले असेल तर निदान आठवडाभर थांबावे. पट्टी ताणून लावू नये. ताणलेली पट्टी मागे आखडते व कड सोडते. हौद्याच्या खालच्या कडेवर ती सरळ टेकवून जिकडून रंग येणार ती बाजू अंगठ्याच्या नखाने दाबून बसवावी. मग तिच्या वरच्या अर्ध्या भागावर कागदाची कड ठेवून दुसऱ्या पट्टीने ती जोडावी. वर्तमानपत्राचा कागद चालतो, पण एकेरी नव्हे. एकेरी कागदातून रंग आरपार उतरतो. तो दुहेरी घ्यावा. पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या केबिनवर मात्र खाकी कागदच लावावा, कारण ओल लागली की छापील शाई रंगावर उमटते.

प्लॅस्टिकचे कापड मोठा भाग झाकण्यास सोयीचे असले तरी त्याचे दोन दोष आहेत. त्यावर पडलेला रंग सुकून पापुद्र्याने सुटतो व खालच्या ओल्या रंगात पडतो; आणि रात्रभर तसेच राहिले तर आत घाम धरून पत्रा ओला होतो. ते वापरल्यास खालची कड मोकळी ठेवावी व संध्याकाळी उचलून हवा खेळू द्यावी.

खताची रिकामी पोती झाकण म्हणून अंथरण्याची चूक सर्वत्र होते. पोटॅशच्या पोत्याच्या विणीत बसलेली भुकटी दवाने पाझरून पत्र्यावर उतरते, आणि ज्याचे रक्षण करावयाचे त्यालाच क्षाराचा लेप बसतो. सिमेंटच्या पोत्यांची भुकटी तेलरंगास मारते. पोती वापरावयाचीच असतील तर ती दोनदा गोड्या पाण्यात धुऊन वाळवावीत. धान्याची गोणपाटे सर्वांत उत्तम. टायरांवर तीच घालावीत.

काही लहान वस्तू पट्टीने झाकता येत नाहीत. ग्रीसची निपले, बोल्टांचे आटे, दाराच्या कुलपाचे भोक, दिव्याच्या कडा यांवर बोटाने ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली चोळावी. रंग त्यावर धरत नाही व शेवटी चिंधीने पुसून निघतो. मात्र ग्रीसचे बोट रंगवावयाच्या भागास लागू देऊ नये. काचेवर साबणाचा दाट लेप देण्याची जुन्या रंगाऱ्यांची रीत आहे, तीही चांगली.

परावर्तक पट्ट्या व मागील दिवे यांवर कागद टेकवून भागत नाही. कागद वाऱ्याने उचलतो. तो चारही कडांनी बंद करावा. परावर्तक पट्टीच्या अगदी पृष्ठावर चिकटपट्टी लावू नये, काढताना वरचा थर सुटण्याचा संभव असतो. तिच्या बाहेर पत्र्यावर चौकट करून कागद बसवावा. क्रमांकपाटीही याच रीतीने झाकावी.

रंग कोठे लावू नये

चॅसीवर ठोकलेला क्रमांक झाकावा व तेथे काम संपल्यावर ग्रीसचा पातळ हात द्यावा. वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी हा क्रमांक वाचता यावा लागतो. रंगाच्या चार थरांखाली तो बुजला तर खरवडण्यात अक्षरे बिघडतात, आणि बिघडलेला क्रमांक म्हणजे मालकामागे नसती शंका.

ब्रेकचे ड्रम, ब्रेकच्या रबरी नळ्या, पाट्यांची रबरी बुशे यांस रंग लागू नये. रंगातील द्रावक रबर फुगवतो, व रंगाखाली नळीस पडलेली चीर तपासणाऱ्यास दिसत नाही. मागील आसाच्या पेटाऱ्यावर हवा जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते रंगाने बुजले तर आत दाब वाढून तेल चाकाकडे गळते व ब्रेक निकामी होतो. सायलेन्सरवर साधा रंग जळतो, त्यास हात लावू नये. बॅटरीची जमिनीची तार जेथे चॅसीस जोडलेली असते ती जागा कोरडी उघडी ठेवावी. नव्या गाड्यांत चाकांजवळ ब्रेकचे विद्युत संवेदक असतात, त्यांवर कागद गुंडाळावा. चॅसीच्या खांबांना व दारांच्या तळाला पाणी निघण्यासाठी भोके ठेवलेली असतात. त्यांत आगपेटीच्या काड्या खोचून ठेवाव्यात व रंग ओला असतानाच काढाव्यात.

अस्तर व रंग

घासलेल्या लोखंडावर त्याच दिवशी अस्तर लागले पाहिजे. रात्रभर उघडे राहिलेले लोखंड सकाळी पुन्हा तांबूस झालेले असते. पूर्वी अस्तरासाठी शेंदूर, म्हणजे शिशाचा लाल रंग, सर्वत्र वापरीत. गंज रोखण्यात तो पटाईत होता, पण शिसे हे विष आहे. मुलांच्या व जनावरांच्या पोटात ते गेल्यास अपाय कायमचा होतो. पिवळे झिंक क्रोमेटही आरोग्यास घातक ठरले आहे. आज झिंक फॉस्फेटयुक्त रेड ऑक्साईडचे अस्तर सहज मिळते, तेच घ्यावे. जुना शेंदरी थर चॅसीवर आढळला तर तो ग्राइंडरने कोरडा घासू नये. पाण्याने भिजवून काचकागदाने काढावा व निघालेला गाळ गोळा करून दूर ठेवावा.

गावातील कामास ब्रशच योग्य, असे आमचे मत आहे. फवाऱ्याने काम लवकर होते, पण निम्मा रंग हवेत जातो, तो वर उठून केबिनच्या छतापर्यंत बसतो व संपूर्ण वाहन झाकावे लागते. ब्रशने रंग खड्ड्यांत व सांध्यांत दाबून भरता येतो. केवळ पन्हाळीच्या आतल्या, हात न पोहोचणाऱ्या भागासाठी फवारा घ्यावा, आणि तो वारा पडलेला असताना. त्या वेळी द्रावकाच्या वाफेपासून रक्षण करणारी कोळशाच्या डब्याची मुखपट्टी लागते. तोंडावर बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही. बिडी-काडी दूर ठेवावी.

रंग किती लागेल याचा अंदाज मोजून काढावा. २० सेंटिमीटर उंचीचा व ६.५ सेंटिमीटर ओठांचा खांब असल्यास आतबाहेर मिळून घेर ६६ सेंटिमीटर होतो. ६ मीटर लांबीच्या एका खांबाचे क्षेत्र सुमारे ४ चौरस मीटर, दोहोंचे ८. आडव्या खांबांचे आणखी ४ धरले तर १२ झाले. खडबडीत पृष्ठावर एका लिटरात ८ चौरस मीटर धरल्यास एका हातास दीड लिटर पुरते. अस्तराचे दोन हात द्यावेत. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर, बहुधा दुसऱ्या दिवशी. त्यावर काळ्या सिंथेटिक एनॅमलचा किंवा चॅसीच्या खास काळ्या रंगाचा हात द्यावा. कडा व बोल्टांची डोकी यांवर रंग पातळ बसतो, म्हणून त्यांना आधी एक जादा हात देऊन मग सर्वत्र रंगवावे.

डांबरी काळा रंग स्वस्त व लवचीक असल्याने अनेकांच्या पसंतीस उतरतो. तो वाईट नाही. परंतु वरच्या अंगाला त्याच्यापासून विशेष जपावे. डांबराचा थेंब पिवळ्या वा पांढऱ्या एनॅमलवर पडला तर तपकिरी डाग पडतो, आणि त्यावर पुन्हा एनॅमल दिले तरी डांबर नव्या रंगात विरघळून वर येते. तीन हात दिले तरी डाग हसतच राहतो. असा डाग राहिल्यास प्रथम ॲल्युमिनियम रंगाचा किंवा चपड्याच्या लाखेचा हात देऊन तो कोंडावा व मगच एनॅमल द्यावे.

झाकण काढणे

झाकण लावण्याइतकेच ते काढणे महत्त्वाचे आहे. रंग बोटास लागेनासा झाला, पण अजून कडक झाला नाही, ही वेळ पट्टी काढण्याची. सिंथेटिक एनॅमलच्या बाबतीत ती साधारणपणे २ ते ४ तासांनी येते. फार लवकर काढल्यास कड ओघळते. दुसऱ्या दिवसावर टाकल्यास रंगाचा थर पट्टीवरून पत्र्यावर अखंड झालेला असतो व कड करवतीसारखी फाटते. पट्टी स्वतःवरच उलटी दुमडून, रंगापासून दूर, सावकाश ओढावी. सरळ बाहेर झटका देऊ नये. एका दिवसात काम संपणारे नसेल तर संध्याकाळी पट्टी काढून दुसऱ्या दिवशी नवी लावावी. मालक पट्टीच्या खर्चाची कुरकुर करील, पण तीन दिवस उन्हात भाजलेली पट्टी काढण्यास लागणारा वेळ व होणारे नुकसान त्याहून अधिक असते.

एवढे करूनही थेंब उडतातच. ओला थेंब टर्पेंटाइनने किंचित ओल्या केलेल्या फडक्याने बाहेरून आत टिपावा. चोळला तर पसरतो. नंतर साबणाच्या पाण्याने पुसावे. थिनर कधीही लावू नये, तो मूळ एनॅमलच विरघळवतो. सुकलेली रंगाची धूळ रबिंग कंपाऊंडने हलक्या हाताने निघते. कोठे टवका निघाला असेल तर तो त्याच दिवशी काचकागदाने सपाट करून अस्तर व रंगाचा ठिपका द्यावा, पावसाची वाट पाहू नये. दिवे व परावर्तक पट्ट्या रात्री अंधारात बॅटरी मारून, पंचवीस-तीस पावलांवरून तपासाव्यात. दिवसाची तपासणी या कामी पुरेशी नाही.

चॅसीला इंजिनचे जळके तेल फासण्याची जुनी रीत अजून चालू आहे. तेलाने काही काळ पाणी दूर राहते हे खरे; पण त्यावर धूळ व खत चिकटून ओला लेप तयार होतो, रबरी भाग फुगतात, आणि तेल थेंबाथेंबाने शेतात व पाण्यात उतरते. जळके तेल हे २०१६च्या नियमांनुसार घातक टाकाऊ पदार्थांत मोडते व ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावयास हवे. शिवाय एकदा तेल पाजलेल्या चॅसीवर पुढे रंग धरविणे किती कष्टाचे असते, ते रंगाऱ्यास विचारावे.

रंग झाल्यावर निदान तीन-चार दिवस वाहन चिखलात किंवा ओझ्याखाली नेऊ नये. पुढे खत वा मासळी वाहिल्यावर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुण्याची सवय ठेवावी, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पट्टीची कड जेथे होती ती रेघ पाहावी. खालचा व वरचा रंग जेथे भेटतात तेथेच पुढचा गंज प्रथम डोके वर काढतो.

उरलेल्या रंगाचे डबे झाकण ठोकून मुलांच्या हाताबाहेर ठेवावेत. रंगाने व तेलाने भिजलेल्या चिंध्या ढीग करून कडब्याजवळ किंवा शेडच्या कोपऱ्यात टाकू नयेत. वाळणाऱ्या तेलाच्या चिंध्या ढिगात आपोआप तापतात व कोणी काडी न लावताही पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळवाव्यात, अथवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.